घाट म्हणजे वाट, डोंगर की पायरी?

कृष्णाकाठ

माझं माहेर वाईचं. लहानपणी "आजी घाटावर गेलीय" असं कुणी म्हटलं, की ती धुण्याची बादली घेऊन कृष्णेवर गेलेली असायची. आणि "बाबा घाटात अडकलेत" म्हटलं, की पाचगणीहून येणारी एसटी पसरणी घाटात बंद पडलेली असायची. शब्द एकच, पण नदीचा असेल तर घाटा'वर' आणि डोंगरातला असेल तर घाटा'त'. हे कुणी शिकवलं नाही आणि कुणाची कधी चूकही झाली नाही.

परवा लेकीचा भूगोलाचा अभ्यास घेत होते. सह्याद्रीलाच पश्चिम घाट म्हणतात, हे वाचून ती थांबली. "आई, घाट तर वळणावळणाचा रस्ता असतो. अख्ख्या डोंगराला घाट कसं म्हणायचं?" मी सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मलाच ठाऊक नाही. आमच्याकडे "घाट चढलो" म्हणतात ते रस्त्याबद्दल. पांडवगड हा डोंगर, वैराटगड हा डोंगर. त्यांना घाट म्हणणारं माणूस मी वाईत पाहिलेलं नाही.

तर जाणकारांनी सांगा. नदीचा घाट आणि डोंगरातला घाट हा एकच शब्द की दोन? आणि डोंगराला घाट कुणी म्हणायला लागलं? तुमच्या भागात घाट कशाला म्हणतात तेही लिहा, मला त्यातच जास्त रस आहे.

शब्दवेल्हाळ

ताई, एकच शब्द. संस्कृतात 'घट्ट' म्हणजे नदीत उतरायची जागा, धक्का. मराठीत येताना जोडाक्षर सुटलं आणि आधीचा स्वर लांबला. हत्थचा हात झाला, सत्तचा सात झाला, तसाच घट्टचा घाट. 'भांड्याचा घाट' किंवा 'लग्नाचा घाट घातला' यातला घाट मात्र वेगळा, तो 'घडणे'च्या गोतावळ्यातला. ऐकायला सारखे असले तरी ते नातेवाईक नाहीत.

आता नदीवरून डोंगरात कसा गेला? माझ्या मते मधला दुवा जकातीचा आहे. संस्कृतात 'घट्टकुटीप्रभातन्याय' म्हणून एक न्याय आहे. एका व्यापाऱ्याला जकात चुकवायची असते. तो रात्री आडवाटेने निघतो, अंधारात वाट चुकतो, रात्रभर भटकतो आणि उजाडताना बघतो तर नेमका जकातीच्या झोपडीसमोर उभा! ती झोपडी म्हणजे घट्टकुटी. म्हणजे 'घट्ट' या शब्दाला नुसत्या पाण्याचा नव्हे, तर जिथून गेल्याशिवाय गत्यंतर नाही अशा जागेचाही वास होता. नदी असो की डोंगर, माल पलीकडे न्यायचा तर ठरावीक ठिकाणीच उतार मिळतो, आणि वसुली करणारा तिथेच बसतो.

डोंगराला घाट म्हणणं हे युरोपीय लोकांचं काम. १८८६ साली आलेल्या, इंग्रजांच्या बोलण्यात रुळलेल्या भारतीय शब्दांच्या हॉब्सन-जॉब्सन या कोशात अर्थांचा क्रमच बोलका आहे: आधी नदीवरची उतरायची जागा, मग डोंगर उतरायची वाट, आणि शेवटी ज्या डोंगररांगांतून या वाटा उतरतात त्या रांगा. वाटेचं नाव डोंगराला चिकटलं.

रानवाट

शब्दवेल्हाळ, जकातीचा मुद्दा वाचून अंगावर काटा आला, कारण त्याचा दगडी पुरावा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. नाणेघाट! वैशाखऱ्याकडून चढत आलं की माथ्याजवळच्या अरुंद खिंडीत ती गुहा लागते. आत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी शिलालेख. वर आलं की तो मोठा दगडी रांजण, जकातीचा म्हणून ओळखला जाणारा. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरावर उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. माथ्यावरच्या गावाचं नाव काय? घाटघर.

गेली अठरा वर्षं घाटवाटा हिंडतोय. सवाष्णी घाट, मढे घाट, उपांड्या, शेवत्या, रडतोंडी. ही सगळी नावं वाटांची आहेत. एकही नाव डोंगराचं नाही. डोंगरांची नावं निराळी: ढाक, तैलबैला, लिंगाणा. गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, तो या दोन याद्यांची कधीच सरमिसळ करणार नाही.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. घाट म्हणजे वाट. 'पश्चिम घाट' हे नाव नकाशा काढणाऱ्यांनी दिलं आणि आपण निमूटपणे पाठ केलं. आपल्याकडे सह्याद्री हे नाव असताना ते का वापरायचं? पुराणांतल्या सात कुलपर्वतांत महेंद्र, मलय, विंध्य यांच्या रांगेत 'सह्य' बसलेला आहे.

पाखाडी

मी रत्नागिरीकडचा. रानवाट, तुमचं सगळं मान्य, पण एक अडचण आहे.

आमच्याकडे "भाऊ घाटावर असतो" म्हणजे तो कोल्हापूर, सातारा, पुणे, कुठेही नोकरीला आहे. घाटावरची ज्वारी, घाटावरचा गूळ. आता घाट म्हणजे जर नुसती वाट, तर माझा भाऊ काय आंबा घाटातल्या वळणावर उभा आहे? तो घाटाच्या वर आहे. म्हणजे आम्हा कोकणातल्यांच्या बोलण्यात घाट ही समोर उभी असलेली ती अख्खी भिंतच आहे. ती ओलांडून पलीकडे गेलं की घाटावर. अलीकडचे आम्ही घाटाखालचे. हे काही कुणा साहेबाने शिकवलेलं नाही.

शिवाय आमच्या गावात 'घाटी' म्हणजे चढणीची वाट. चिरे लावून बांधलेली पायऱ्यांची असेल तर ती पाखाडी. देवळाकडून बंदरावर जायला घाटी उतरावी लागते. हाच शब्द मुंबईत आणि गोव्यात घाटावरून आलेल्या माणसाला हिणवायला वापरतात, याचं मला फार वाईट वाटतं. माझ्या मामाने गिरणीत चाळीस वर्षं काम केलं. सोबतचे साताऱ्याचे कामगार हे त्याचे सख्ख्या भावासारखे. त्यांना कुणी "ए घाटी" म्हटलं की मामा भांडायला उठायचा. तो म्हणायचा, घाट चढून उतरून जो पोटासाठी आला त्याला घाटी म्हणतात, त्यात शिवी कुठून आली?

पायनघाट

पाखाडीदादांना +१. मी बुलढाणा जिल्ह्यातला, घाटाखालचा. आमच्या जिल्ह्याचे बोलताना सरळ दोन भाग पडतात. घाटावर म्हणजे बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा. घाटाखाली म्हणजे मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद. सोयरीक जमवताना पहिला प्रश्न हाच, "पाहुणे घाटावरचे का घाटाखालचे?" बातमीत सुद्धा 'घाटाखालील तालुक्यांत अतिवृष्टी' असंच येतं. हा सह्याद्री नव्हे, अजिंठ्याची रांग. म्हणजे घाट काही पश्चिमेचाच मक्ता नाही.

आणि ही विभागणी जुनी आहे. वऱ्हाडाचे पूर्वीपासून दोन भाग, बालाघाट आणि पायनघाट. फारसीत 'बाला' म्हणजे वरचं, 'पाईन' म्हणजे खालचं. मी नाव तिथूनच घेतलं. बीड-धाराशिवकडची डोंगररांग आजही बालाघाटच. दक्षिणेत कर्नाटक प्रांताचा खालचा भागही पायनघाट म्हणून ओळखला जायचा. इथे घाटाच्या वर आणि खाली मुलूख आहेत, म्हणजे घाट ही मधली हद्द झाली.

जाता जाता, विदर्भात घाट म्हटलं की आता लोकांना आधी रेतीघाट आठवतो. नदीपात्रातून वाळू उचलायची ठरावीक जागा, जिचा लिलाव होतो. शब्दवेल्हाळ, तुमच्या घट्टकुटीशी हे किती जुळतं बघा! नदीकाठ, उतरायची जागा, आणि तिथे सरकारी वसुली.

शब्दवेल्हाळ

पायनघाट, रेतीघाट माझ्या डोक्यातच आला नव्हता. सुरेख.

पाखाडी यांच्या आक्षेपावर दोन दिवस विचार केला आणि माझं आधीचं विधान मागे घेतो. 'डोंगराला घाट म्हणणं हे युरोपीय लोकांचं काम' हे मी फार ठामपणे लिहिलं. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा. औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात तो कोकणाबद्दल लिहितो, की समुद्रालगतची ही जमीन एका उंच डोंगररांगेपर्यंत पसरते आणि त्या रांगेला 'ग्वाते' म्हणतात. ग्वाते म्हणजे आपला घाट. इंग्रजांच्या नकाशांच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. गोव्यात राहून तो ज्यांच्याशी बोलायचा ते किनाऱ्यावरचे लोक. पाखाडी जसं बोलतात तसंच तेही बोलत असणार. खालून बघणाऱ्याला घाट म्हणजे ती भिंत.

मग युरोपीय लोकांनी काय केलं? ज्या नावाचा अर्थ ठिकाणाप्रमाणे बदलत होता त्याला सलग ताणून तापीपासून कन्याकुमारीपर्यंत १,६०० किलोमीटरच्या रांगेला लावलं. आणि मग समोरच्या किनाऱ्यालगतचे तुटक डोंगर दिसले, त्यांना जोड म्हणून 'पूर्व घाट' केलं. नल्लमला, शेषाचलम ही तिकडची खरी नावं. पश्चिम घाट एकवेळ समजू शकतो, पूर्व घाट हे मात्र कागदावरच जन्मलेलं नाव वाटतं.

तुळुनाडू

नमस्कार. मराठी घरातली, पण तीन पिढ्या मंगळूरला. कन्नडमध्ये 'घट्ट' असाच उच्चार राहिलाय, जोडाक्षर सुटलेलं नाही. "घट्टद मेले" म्हणजे घाटावर, "घट्टद केळगे" म्हणजे घाटाखाली. अगदी पाखाडींच्या गावासारखं. आणि इथे घट्ट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर डोंगर येतो, नुसता रस्ता नाही.

तमिळमध्ये मात्र घाट शब्दच घेतला नाही. ते म्हणतात 'मेऱ्कु तोडर्च्चि मलै', पश्चिमेची सलग डोंगररांग. मलयाळममध्ये पश्चिमघट्टम् आहे आणि सह्यपर्वतही आहे.

एक गंमत वाटण्यासारखी गोष्ट सांगते. या सगळ्या रांगेत मोठं असं एकच खिंडार आहे, जवळजवळ तीस किलोमीटर रुंद. तिथलं गाव इंग्रजी अमदानीत 'पालघाट' म्हणून ओळखलं जायचं. कुणालाही वाटेल, बरोबर, घाट आहे म्हणून पालघाट. पण मूळ नाव पालक्काड. त्यातला 'काड' म्हणजे रान. घाटाशी त्याचा संबंधच नाही, कानाला जवळचं वाटलं म्हणून घाट जोडला गेला. आता अधिकृत नाव पुन्हा पालक्काडच आहे.

दगडधोंडे

भूगर्भशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं माझ्या बाजूने. धाग्याच्या शीर्षकात ताईंनी 'पायरी' लिहिलंय, त्यावर कुणी बोललं नाही.

माळशेज किंवा ताम्हिणीत पावसाळा संपता संपता उभे राहा आणि समोरच्या कड्याकडे बघा. काळ्या कातळाची उभी पट्टी, मग गवताचा हिरवा आडवा पट्टा, मग पुन्हा उभी पट्टी. एकावर एक. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. काही थर टणक, ते उभे राहतात. काही ठिसूळ, ते झिजून उताराचे होतात आणि त्यावर माती धरते. म्हणून महाराष्ट्रातला सह्याद्री जिन्यासारखा दिसतो. या खडकाला शास्त्रात 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. त्यातला ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे. तो स्वीडनकडचा शब्द, अर्थ जिना.

म्हणजे नदीच्या काठी बांधलेल्या पायऱ्यांना घाट म्हणणारे आपले लोक आणि या कातळाला जिना म्हणणारे परदेशी शास्त्रज्ञ, दोघांना एकच आकार दिसला. लोकांनी पायऱ्या बघूनच डोंगराला घाट म्हटलं, असं मी म्हणत नाही. शब्दवेल्हाळ म्हणतात तसं 'उतरायची जागा' हाच मूळ धागा असावा. पण जुन्या घाटवाटा जातात कशा, ते बघा. कातळाच्या पट्टीत एखादी भेग किंवा नाळ शोधून वर जायचं, मग गवताच्या आडव्या पट्टीवरून चालत पुढच्या भेगेपर्यंत जायचं, पुन्हा वर. चढ, आडवी, चढ, आडवी. या डोंगरात घाट पायऱ्यांनीच चढतो.

लोकोपायलट

रेल्वेवाल्यांकडून एक भर. आमच्यासाठी घाट म्हणजे 'घाट सेक्शन'. कर्जतला गाडी थांबते, मागे बँकर इंजिनं लागतात आणि ढकलत लोणावळ्याला नेतात. चढ ३७ ला १, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. बोरघाटात गाडी १८६३ पासून धावते, थळघाटात म्हणजे कसाऱ्याला १८६५ पासून. वाहनांचा रस्ता बोरघाटात आधीच होता, १८३० साली खुला झालेला. बोरघाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. साहेबाला वाट सापडेना तेव्हा एका धनगराने दाखवली, अशी कथा पिढ्यान् पिढ्या सांगतात. तिथे नाणं टाकून नमस्कार करणारे आजही खूप आहेत. कथा किती खरी ते बाजूला ठेवू, पण गुरांच्या पायांनी शोधलेल्या वाटा आधी आणि रूळ नंतर, हे मी रोज डोळ्यांनी बघतो.

शुद्धलेखनी

मी एका वृत्तसंस्थेत भाषांतराचं काम करते. या धाग्यामुळे मनातली एक खंत लिहिते.

हिंदीत 'घाटी' म्हणजे खोरं. मराठी बातम्यांत हल्ली सर्रास 'काश्मीर घाटीत बर्फवृष्टी' असं येतं. मराठी वाचकाला घाटी म्हणजे चढण. खोरं हा आपला इतका सुंदर शब्द आहे. कृष्णा खोरं, रोहिडखोरं, मुठेखोरं. काश्मीरचं खोरं म्हणायला काय हरकत आहे? मी दरवेळी दुरुस्त करते आणि छापून येताना पुन्हा घाटीच येतं.

आणि राजस्थानातली हळदीघाटी, जिथे १५७६ ची लढाई झाली, ती मुळात डोंगरातली अरुंद खिंडच आहे, खोरं नाही. म्हणजे तिथल्या जुन्या नावात घाटीचा अर्थ आपल्याला जवळचा राहिलाय. आपण मात्र उलट दिशेने चाललोय.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीला रोज एकेक प्रतिसाद वाचून दाखवतेय. दगडधोंडे सरांचा वाचून तिने वहीत मेणवलीच्या घाटाचं आणि शेजारी सह्याद्रीच्या कड्याचं चित्र काढलंय, दोन्हीकडे सारख्याच रेघा. शुद्धलेखनीताई, तुमच्या 'खोऱ्या'ला माझा पूर्ण पाठिंबा.

एक शंका उरलीच. रानवाट, डोंगरातल्या वाटांच्या नावांत काही ठिकाणी घाट असतो आणि काही ठिकाणी नाळ. बोराट्याची नाळ, सिंगापूरची नाळ. दोन्ही जर वाटाच, तर फरक काय?

रानवाट

ताई, हा प्रश्न मी मुद्दाम राखून ठेवला. मागच्या शनिवारी लिंगाण्याच्या पायथ्याच्या वाडीत गेलो होतो, तिथल्या एका पंच्याहत्तरीच्या काकांना विचारला. ओसरीवर बसून ते इरलं सांधत होते. मान वर न करता म्हणाले, "घाट म्हंजे भरल्या बैलानं चढावं अशी वाट. नाळंतनं पाणी जातं आनि मानूस जातो. बैल न्हाय जात."

मी म्हटलं, काका, भीमाशंकरला खांडसवरून शिडी घाट आहे, तिथे तर लोखंडी शिड्या आहेत, बैल कसा जाईल? हात थांबला. थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "मंग शेजारी दुसरा आसंल, लांबचा." बरोबर! शेजारी गणपती घाट आहे, लांबचा आणि सोपा. काका भीमाशंकरला कधीच गेलेले नाहीत.

त्यांच्या वडिलांच्या वेळी या बाजूने बैलांवर मीठ वर जायचं आणि धान्य खाली यायचं. बैलाची पाठ सोलवटायची म्हणून खाली गोणपाट किती घड्यांचं घालायचं, ते त्यांनी हाताने करून दाखवलं. चार घड्या, आणि मणक्यावर मधोमध पोकळी ठेवायची. घाट कुठून जायचा ते ठरवताना वाट किती जवळची याला महत्त्व नव्हतं, तो बैल किती चढेल याला होतं.

मग आपल्या धाग्याचा मुख्य प्रश्न विचारला. समोरच्या सगळ्या भिंतीकडे हात करून म्हटलं, काका, याला काय म्हणता? घाट?

म्हणाले, "ह्यो लिंगाणा. त्यो रायलिंगाचा डोंगर. त्याला घाट कशाला म्हनू?"

आणि वरचा मुलूख?

"त्यो घाटावर."

मी हसलो तसे त्यांनाही हसू आलं, पण त्यांना त्यात काही विसंगत वाटलं नाही. पाखाडी, तुमच्या घाटावरच्या भावाची गोष्ट त्यांना सांगितली. तेव्हा त्यांनी त्यांच्या बहिणीची सांगितली. जशी बोलले तशीच लिहितो, कृष्णाकाठताईंनी पहिल्याच परिच्छेदात 'वर' आणि 'त' लिहिलं होतं, म्हणून: "थोरली बहीन घाटावर दिली. तिच्या लग्नाला निघालो तवा पाऊस लागला तो घाटातच. नवऱ्याकडचं लोक वर कंदील घिऊन हुबं, आनि आमी खाली बैल धरून."